दादा, डूमला म्हातारं म्हणू नकोस

प्रिय दादा,

परवा फोनवर हसलास. “या वयात डूम? लहानपण आठवतंय वाटतं!” आठवायला लहानपणी मी तो खेळले तरी कुठे? तू आणि तुझे मित्र संगणकासमोर कोंडाळं करून बसायचात, मला मागून नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. त्यामुळे स्मरणरंजनाचा आरोप मला लागू होत नाही. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला हा खेळ मला आवडलाय तो आत्ता, पहिल्यांदाच खेळताना.

तुम्हा पोरांच्या लक्षात आलं होतं का कोण जाणे, पण हा नेमबाजीचा खेळ नाहीच. बंदूक वर-खाली करताच येत नाही. उंच कठड्यावर राक्षस उभा असला तरी त्याच्या दिशेने सरळ झाडायची, गोळी आपसूक वर जाते. नेमाची काळजी खेळाने घेतली आणि पायांची आपल्यावर टाकली. इम्प नावाच्या राक्षसाने फेकलेला आगीचा गोळा येताना दिसतो. बाजूला सरकलं की शेजारून निघून जातो. बंदूकवाले सैनिक सोडले तर बहुतेक मार असा आधी दिसतो, आणि खो-खोत हुलकावणी देताना अंग वळतं तसं वळत राहायचं. शिवाय एका राक्षसाचा गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला, की त्या दोघांत जुंपते. मी कोपऱ्यात उभी राहून बघते. काड्या लावण्याचं सुख इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे मिळायचं?

वर-खाली बघता येत नाही यामागेही कारण आहे. तेव्हाचं यंत्र ३८६, मेमरी ४ एमबी. खेळाचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने नकाशा मुळात सपाट ठेवला आणि प्रत्येक भागाला जमिनीची नि छताची उंची तेवढी दिली. म्हणून तिथे खोलीवर खोली बांधता येत नाही. भिंतींची वाटणीही आधीच करून ठेवलेली, त्यामुळे कुठल्या क्रमाने काय रंगवायचं हे यंत्राला झटकन कळायचं. या तुटपुंज्या सामानावर लेव्हल रचणाऱ्या जॉन रोमेरोने काय केलंय बघ: पहिल्याच लेव्हलला खिडकीतून बाहेरच्या अंगणात निळं चिलखत दिसतं, पण तिथे जायला दार दिसत नाही. वाट आहे, लपवलेली. कुणी सांगत नाही, बाण दाखवत नाही. ती सापडली तेव्हा रात्री साडेअकराला मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

नव्याचं मला वावडं नाही. २०१६ चा डूमही मी संपवला, चांगला आहे. पण तिथे बंदुकीला बढती, चिलखताला बढती. खेळ कमी आणि सेवापुस्तक भरणं जास्त. जुन्यात शॉटगन हाती आली की शेवटपर्यंत तीच, तशीच.

दोष आहेतच. लाल किल्ली, निळी किल्ली शोधत तेच बोळ पुन्हापुन्हा पालथे घालायचे, आणि खेळाच्या तिसऱ्या भागातल्या काही लेव्हल मला अगदी ओढूनताणून केलेल्या वाटल्या. पहिला भाग मात्र अप्रतिम. खेळ बनवणाऱ्या कंपनीने तो फुकट सोडला होता, वाटा म्हणून सांगितलं होतं, म्हणून तर तो तुमच्या टोळक्यापर्यंत पोचला. पुढे १९९७ मध्ये त्यांनी सोर्स कोडही खुला केला आणि लोकांनी तो खेळ नव्या यंत्रांवर उतरवला. नव्या लेव्हलही अजून बनताहेत. खुद्द रोमेरोने २०१९ मध्ये ‘सिजिल’ नावाचा नवा भाग काढला. मी सध्या त्यातच अडकलेय.

तू नव्या यंत्रांवर चालणारं त्याचं एक रूप, ‘चॉकलेट डूम’, उतरवून घे. ते मुद्दाम जुन्यासारखंच, ३२० बाय २०० चं ठोकळेबाज चित्र दाखवतं. डोळ्यांना त्रास होईल असं वाटेल, पण पाच मिनिटांत विसरशील. चष्मा मात्र लाव.

भाऊबीजेला येशील तेव्हा लॅपटॉप आण. नेटवर्कवर चौघांना खेळता येतं, वहिनीलाही विचार. आधी एकमेकांच्या साथीने खेळू, मग समोरासमोर. ओवाळणीचं काय ते त्यानंतर ठरवू.

तुझी,
धाकटी