सायलेन्सर

परवा चिरंजीवांचा टेक्ससहून फोन आला. "बाबा, पॉइंट टू-टू पिस्तुलाला सायलेन्सर घेतोय. नळी किती लांब घ्यावी, याचा विचार चाललाय." मी गप्पच. सायलेन्सर म्हटलं की आपल्याला एक तर मोटरसायकल आठवते, नाहीतर हिंदी सिनेमातला खलनायक! घरात पिस्तूल आहे हेच मला रुचत नाही, त्यात आता हे. बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "तुमचा नातू रेंजवर यायचं म्हणतोय. त्याचे कान तुमच्यासारखे व्हायला नकोत."

माझ्या कानांची गोष्ट अशी. कॉलेजात असताना एनसीसीत आम्ही पॉइंट टू-टू रायफल चालवली. कानांत बोळे घालावेत हे आमच्या डोक्यातही नव्हतं. उलट दडा बसला की एकमेकांना टाळ्या देऊन हसायचो. आज डाव्या कानात एक रातकिडा मुक्कामाला आहे. त्याला दिवस-रात्र सारखीच! (वयाचाही वाटा आहेच म्हणा.)

मग शिकवणी सुरू झाली. या खेपेला विद्यार्थी मी.

बंदुकीचे आवाज दोन. एक नळीच्या तोंडाशी तापलेले वायू एकदम बाहेर पडतात त्याचा. सायलेन्सर त्यांना कप्प्याकप्प्यांत अडवतो, निववतो आणि सावकाश सोडतो. दुसरा आवाज गोळीचा. ती ध्वनीपेक्षा वेगात गेली की हवेत 'कडाड' उमटतो, आणि त्यावर सायलेन्सरकडे इलाज नाही. तिथे उपाय एकच, गोळीच जरा हळू जाऊ द्यायची.

२० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ४० ग्रेन गोळीच्या एका 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसाच्या खोक्यावर १२३५ फूट, म्हणजे ३७६ मीटर लिहिलेलं असतं. 'स्टँडर्ड'वर १०७० फूट, म्हणजे ३२६ मीटर. पण हे आकडे रायफलच्या लांब नळीचे. पिस्तुलाच्या आखूड नळीत वायूंना गोळी ढकलायला कमी वेळ मिळतो, त्यामुळे साडेचार इंची नळीतून जलद गोळीसुद्धा बऱ्याचदा ध्वनीच्या जेमतेम मागे राहते. बऱ्याचदा, नेहमी नव्हे! त्यात थंडीत, शून्य अंशाला, ध्वनीच ३३१ मीटरवर येतो. मग मधूनच एखादी गोळी कडाडते.

म्हणून त्याने स्टँडर्ड काडतूस ठरवलं. अगदीच मंद काडतूसही मिळतं, पण त्याच्या धक्क्याने पिस्तुलाचा खटका पुरता मागे जात नाही आणि पुढचं काडतूस आपोआप चढत नाही. नळीचंही तसंच. फार आखूड घेतली तर अर्धवट जळलेली दारू सायलेन्सरात जाऊन काजळी धरते, फार लांब घेतली तर पुढे सायलेन्सरचे पाच-सहा इंच लागून पिस्तूल तोंडाकडे जड होतं. थोडक्यात, साडेचार इंच बरी.

"आणि मग अगदी शांत?" मी विचारलं. "छे! साधं पिस्तूल दीडशे डेसिबलच्या पुढे असतं. हे एकशेवीसच्या आसपास येईल. १४० ही कानाला धोक्याची रेघ." म्हणजे सिनेमातलं 'फुस्स' खोटंच की.

याचा शोध कुणाचा ते पाहिलं आणि चकित झालो. हायरम मॅक्झिमने १८८४ मध्ये मशीनगन बनवली आणि तिच्या आवाजात स्वतःचे कान घालवले. त्याच्याच मुलाने, हायरम पर्सीने, १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. त्याने मोटारींसाठीही तसलीच युक्ती वापरली. म्हणजे मला मोटरसायकल आठवली ती काही अगदीच चूक नव्हती.

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला, नोंदणी मात्र आहेच. म्हणून चिरंजीवांना आत्ता घाई.

मी दोन अटी घातल्या. पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, आणि सायलेन्सर असला तरी नातवाच्या कानांत बोळे हवेतच. तो "हो" म्हणाला. निदान मला तरी तसं ऐकू आलं...