तांड्याची इमारत

ट्रॅव्हल एजंटच्या चकचकीत ब्रोशरमध्ये दिग्रस सापडणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. धावंडा नदी, घंटीबाबांचं देवस्थान, जवळच अरुणावती धरण आणि चहूकडे कापूस... संपली यादी! पण तुम्हाला इमारतींचं वेड असेल, किंवा 'बारावीनंतर आर्किटेक्चर करू का?' असं विचारून डोकं खाणारा धाकटा भाऊ घरात असेल, तर एक वीकएंड या भागात काढाच. फोर्टमधल्या कमानींचे फोटो आपण सगळेच काढतो. इमारत माणसाला नेमकी कशासाठी हवी असते, हे मात्र इथे जास्त चांगलं कळतं.

सुरुवात गावातल्या गल्ल्यांपासून करा. विदर्भाच्या कापूसपट्ट्यातल्या कुठल्याही गावासारखीच इथेही घरांची वंशावळ असते. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे छपरी आणि बसायला ओटा, ही आजीची पिढी. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला तरी जाड भिंत तापायला वेळ घेते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. एकदम इको-फ्रेंडली! फक्त दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायचं काम तुमच्या-माझ्याकडे नसतं, म्हणून आपल्याला हे सगळं रोमँटिक वाटतं. वानरांची टोळी एकदा छपरावरून धावून गेली की घरात जिकडे तिकडे गळती.

मग येते टिनाची पिढी, आणि तिच्यानंतर स्लॅबची. स्लॅब हा इथे नुसता छताचा प्रकार नाही, ती घराण्याची ऐपत आहे. सोयरीक जुळवताना 'घर स्लॅबचं आहे ना?' हे विचारलं जातंच. तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो, म्हणून मागून कूलर येतो, आणि कूलरमागून विजेचं बिल. तरी लोक स्लॅबच टाकतात, आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार दहाव्या मजल्यावर एसीत बसणाऱ्या आपल्याला नाही. नव्या ले-आउटमधून चक्कर मारलीत तर गच्चीवर उघड्या सोडलेल्या लोखंडी सळाखी दिसतील. पुढचा मजला मुलगा बांधेल, ही आशा आहे ती. गंजते, पण कुणी कापून टाकत नाही.

आता धाकट्या भावाच्या प्रश्नाकडे येऊ. ही घरं 'डिझाइन' कोण करतं? बहुतेक वेळा मिस्त्री. फार तर कागदपत्रांपुरता इंजिनिअर. आर्किटेक्टला वेगळी फी द्यायची म्हटलं की 'नुसत्या कागदाचे पैसे कशाला?' हा प्रश्न ठरलेला. आणि कायदा काय म्हणतो? १९७२चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो. कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर ते नाव लावता येत नाही. पण नकाशा काढण्याचं, डिझाइनचं काम इतरांना बंद नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे नाटा किंवा जेईईचा पेपर दोन द्यायचा, पाच वर्षं रात्र-रात्र जागून शीट्स काढायच्या, आणि शेवटी हातात येतं एक नाव. काम स्वतःच मिळवायचं. मोठ्या शहरात हे जमून जातं. तालुक्याच्या गावात परत येणाऱ्याला मात्र आधी आपली गरजच लोकांना पटवून द्यावी लागते.

हे डोक्यात ठेवून पोहरादेवीला जा. दिग्रसहून गाडीनं तासाच्या आत पोहोचता. जिल्हा बदलतो (वाशीम, तालुका मानोरा), पण माणसं तीच. बंजारा समाजाची ही काशी. जगदंबेचं देऊळ आणि संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. आणि तिथेच एक महाप्रचंड नगारा उभा आहे! चार मजली. बंजारा विरासत संग्रहालय. आत १३ दालनं, उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते.

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला दाखवा, तो गालातल्या गालात हसेल. या प्रकाराला त्यांच्यात एक नाव आहे, 'डक'. अमेरिकेत लाँग आयलंडवर १९३१ मध्ये एकाने बदकं विकायला चक्क बदकाच्या आकाराचं दुकान बांधलं. तिथून रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांनी हा शब्द उचलला. हैदराबादमध्ये मत्स्यविकास मंडळाचं ऑफिस माशाच्या आकाराचं आहे, तेही याच जातीतलं. 'फॉर्म इतका ढोबळ नसावा,' असं सर वर्गात शिकवतात.

मला स्वतःला माशाचं ऑफिस बघून हसू येतं. नगारा बघून येत नाही.

कारण हा समाज शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर संसार लादून फिरला. धान्य, मीठ, सैन्याची रसद, सगळी लदेणी त्यांची. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि धंदा बसला. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत देशाच्या अनेक भागांतले बंजारेही सापडले. तो कायदा रद्द व्हायला स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं जावी लागली. तांडे स्थिरावले तेही गावाबाहेर. याच परिसरातल्या पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे सलग मुख्यमंत्री राहिले, पण बोट दाखवून 'ही आमची' म्हणावी अशी मोठी वास्तू समाजाकडे नव्हती. वाडा, गढी, किल्ला... काही नाही. त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं घर तर जळालेलं आहे. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांना मारल्यावर लखी शाह बंजारा यांनी त्यांचं धड उचलून आणलं आणि अंत्यसंस्कार कुणाला कळू नयेत म्हणून स्वतःचं घरच पेटवून दिलं, असं शीख परंपरा सांगते. संसद भवनाजवळचा रकाबगंज गुरुद्वारा त्याच जागेवर आहे.

ज्यांचे वाडे इतिहासाच्या पुस्तकात आधीच आहेत, त्यांना सूचक आणि अमूर्त काँक्रीट परवडतं. ज्यांना पहिल्यांदाच बोलायची संधी मिळते ते मोठ्यानं बोलणार, नगारा वाजवूनच बोलणार!

खटकतं ते वेगळंच. याच रस्त्यावर तांड्यांतून टिनाची घरं दिसतात, आणि नव्यानं होणारी घरकुलं. २०१६च्या केंद्राच्या योजनेत घरकुल किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि मैदानी भागात अनुदान १ लाख २० हजार. एवढ्यात जे बसतं ते म्हणजे चार भिंती आणि तोच तापणारा स्लॅब. ओटा नाही, छपरी नाही, बकरी बांधायला आडोसा नाही. नगाऱ्याच्या प्रत्येक वळणाला डिझायनरचा हात लागला. खरं तर जास्त कठीण प्रॉब्लेम हा २६९ फुटांचाच आहे.

आणि तो आपल्याच एका माणसानं हाताळलेला आहे. बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा, १९२७चा. जे.जे.मध्ये शिकले, पॅरिसला ल कोर्ब्युझिएच्या हाताखाली राहिले आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर मिळवणारे पहिले भारतीय ठरले. इंदूरची त्यांची अरण्य वसाहत बघा. सुमारे साडेसहा हजार प्लॉट. सगळ्यात गरीब कुटुंबांना त्यांनी पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, संडास-मोरी, पाणी, वीज आणि फार तर एक खोली. उरलेलं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. ओटा आणि जिना मात्र गल्लीकडे काढता येईल अशी जागा आधीच सोडलेली. दिग्रसच्या गच्चीवरच्या त्या गंजक्या सळाखी आठवतात ना? त्यांनाच दोशींनी नकाशात जागा दिली. १९९५ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

धाकट्या भावाला हे दोन्ही दाखवायला हवं, नगाराही आणि त्याच्या आसपासचं घरकुलही. मग ठरवू दे त्याचं त्याला.

जायचं तर यवतमाळहून दारव्हामार्गे एसटी आहेच. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे दिग्रसवरून आखलेली आहे. तिचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण दिग्रससाठी सध्या रस्त्याचाच भरवसा धरा. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा, नाहीतर सरळ डिसेंबरात. मे महिन्यात गेलात तर मुक्कामाला कवेलूचं घर शोधा.