स्टारमधून डेल्टात

लालबागच्या एका गल्लीत परवा जळक्या वॉर्निशचा वास त्याच्या नाकात शिरला. रिवाइंडिंगच्या दुकानात कारागीर मोटरमधून काळं पडलेलं कॉपर उपसत होता. सत्तरी ओलांडलेला तो तिथेच थबकला. माटुंग्याचे संध्याकाळचे वर्ग आठवले.

सत्तरच्या दशकात तो परळच्या एका गिरणीत वायरमन होता आणि पाळी संपवून माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रिकलचा पार्ट-टाइम डिप्लोमा करत होता. गिरणीत मोठ्या ब्लोअरची मोटर तो रोज चालू करायचा. स्टार्टरचं हँडल आधी एका बाजूला ढकलायचं, मोटरचा सूर चढेपर्यंत थांबायचं, मग झटक्यात दुसऱ्या बाजूला. किती थांबायचं ते कान सांगत. का थांबायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर तीन कॉइल काढल्या. आधी तिन्ही एका बिंदूत मिळणाऱ्या, तो स्टार. मग टोकाला टोक जोडून त्रिकोण, तो डेल्टा. लाइन 415 व्होल्टची. स्टारमध्ये प्रत्येक कॉइलच्या वाट्याला 240 व्होल्ट, डेल्टात पूर्ण 415. म्हणून स्टारमध्ये चालू केलेली मोटर लाइनमधून डेल्टाच्या एक तृतीयांशच करंट ओढते. सर बोलत होते आणि बाकाखाली त्याचा उजवा हात आपोआप हँडल फिरवत होता.

मायकेल फॅरेडेसुद्धा संध्याकाळचाच विद्यार्थी. 1810 मध्ये लंडनला बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना तो जॉन टेटम यांच्या विज्ञान-व्याख्यानांना जायचा. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा, तो थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा. पुढे 1821 मध्ये फॅरेडेने वीज सोडलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. मोटरची सुरुवात ती. इतिहासात रॉबर्टला त्या शिलिंगापुरतीच जागा आहे.

त्याचाही एक रॉबर्ट होता. संगमेश्वरकडचा, त्याच खात्यातला. याला वर्गाला जाता यावं म्हणून तो गडी याची दुसरी पाळी स्वतःकडे घ्यायचा आणि आपली पहिली याला द्यायचा. गिरणीत पहिली पाळी सोडणं म्हणजे घरचं जेवण, मुलांचा अभ्यास, संध्याकाळचं भजन सोडणं. बदल्यात त्याने एकच मागितलं: शिकवतात ते मला सांगायचं.

पुढे दुसऱ्या एका कारखान्यात मुलाखत झाली. साहेबांनी डिप्लोमा पाहिला, पार्ट-टाइम आहे म्हणाले आणि एक ग्रेड खाली घेतलं. हा राग अजून त्याच्या मनात आहे आणि तो रास्त आहे. किर्चहॉफचे नियम सकाळच्या वर्गाला वेगळे नसतात. उलट, आठ तास मशीनपाशी उभं राहून आलेल्यांच्या त्या वर्गात प्रत्येक सूत्राला आधीच एक आवाज होता, एक वास होता. मोटर गरम झालेली त्यांना तळहाताला कळायची. आकडा नंतर यायचा.

स्टार-डेल्टा त्याने मित्राला कँटीनच्या टेबलावर खडूने काढून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग एकदम डेल्टातच टाकली तर? आणि अडकून फिरलीच नाही तर?"

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न वर्गात गेला. सरांनी सगळ्यांना गणित सोडवायला लावलं. अडकलेली मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते असं धरलं, तर कॉपरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: छत्तीसपट. मोटर वेळीच बंद करणारा ओव्हरलोड रिले कशासाठी असतो, हे त्या वर्गाला हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाच्या शंकेमुळे समजलं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. काही महिन्यांनी मित्र गावी गेला तो तिकडचाच झाला. आता वाडीतल्या नळपाणी योजनेचा पंप तो सांभाळतो. तिथे स्टार-डेल्टा आपोआप बदलणारा टायमर आहे. तो किती सेकंदांवर ठेवायचा यावरून दोघांचं फोनवर भांडण चालू आहे. हा म्हणतो, करंट मोजून ठरव. तो म्हणतो, मोटरचा सूर ऐक.