निखाऱ्यांचं ताट

नाताळच्या फराळाचं पहिलं ताट आमच्या घरातून निघायचं ते आजीच्या सगळ्यांत नावडत्या बाईकडे. पाळकसाहेबांचं दुसरं, आत्याचं तिसरं. पहिलं मात्र पलीकडच्या खोलीतल्या मास्तरीणबाईंचं. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. आजी बायबलबाई. खेड्याखेड्यांत फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायची आणि महिनाअखेरीस मिशनला फेरीचा अहवाल द्यायची. ती गावात न जाताच अहवाल लिहून आणते, असं मास्तरीणबाईंनी मडमेच्या कानावर घातलं होतं. कोंबड्यांवरून आणि नळावरून भांडणं तर रोजचीच, ती दुपारपर्यंत विरून जात. हे मात्र आजी विसरली नाही. करंज्या, चकल्या, एखादा अनारसा असं ताट भरून, वर क्रोशाचा रुमाल टाकून ती माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “जा, निखारे देऊन ये.”

आवाजात आनंद असायचा. तो मायेचा नव्हता, हे त्या वयातही कळत होतं.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. त्यामुळे आमच्या कंपाउंडमध्ये बायबल तीन-चार पिढ्या मुरलेलं होतं आणि भांडणसुद्धा वचनं फेकून व्हायचं. निखारे हे प्रेषित पौलाचे. रोममधल्या मंडळीला इसवी सन 57 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात, बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, तहानेला असेल तर पाणी द्या. म्हणजे त्याच्या डोक्यावर जळत्या निखाऱ्यांची रास रचल्यासारखं होईल. हे त्याचं स्वतःचंही नव्हे, नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातून उचललेलं. शब्बाथशाळेत आम्हांला ते पाठ होतं. अर्थ कोणी विचारत नव्हतं. आजीने आपल्यापुरता लावून घेतला होता: तिला खाऊ दे आणि जळू दे.

पुढे प्रवचनांतून एक गोड खुलासा बऱ्याचदा ऐकला. पूर्वी चूल विझली की शेजारणीकडे विस्तव मागायला जात, तो डोक्यावरच्या भांड्यातून घरी नेत. तेव्हा शत्रूचं भांडं भरून द्या, असा त्याचा भावार्थ. मला काही हे पटलं नाही. आमच्याकडे विस्तव आणायचा तो गोवरीच्या तुकड्यावर, पदर सावरत. निखारे डोक्यावर घेऊन निघालेली बाई मी तरी पाहिली नाही. ऑगस्टीनने या निखाऱ्यांचा अर्थ पश्चात्तापाचे जळते उसासे असा लावला. इजिप्तमधल्या एका जुन्या कथेत जादूचा ग्रंथ पळवणारा राजपुत्र तो परत करायला येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर पेटती शेगडी असते. अपराध कबूल करण्याची ती रीत. काही अभ्यासक पौलाच्या वाक्यामागे अशी रीत शोधतात.

पण आजीला ओळखून कोणी लिहिलं असेल तर चौथ्या शतकातल्या अंत्युखियाच्या योहान ख्रिसोस्तोमने. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुखावलेल्या माणसाला सूड हवा असतो हे पौलाला ठाऊक आहे, म्हणून तो निखाऱ्यांचं आमिष दाखवून त्याला वाढायला बसवतो. एकदा हाताने वाढलं की शत्रू शत्रू राहत नाही आणि वाढणाऱ्याची सुडाची भूकही जाते. संतपदाला पोचलेल्या माणसाने प्रेषिताला असं लबाड ठरवावं, याची मला गंमत वाटते. मन स्वच्छ करून मग ताट भरा, असं तो म्हणत नाही. मन असेल तसं असू द्या, ताट जाऊ द्या.

नर्सिंगला गेले तेव्हा मला ख्रिसोस्तोम माहीत नव्हता. आमच्या मेट्रनबाई चादरीची घडी चुकली तर वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात आईबापांचा उद्धार करायच्या. इफिसकरांच्या पत्रात सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं सांगितलंय, पण नाइट ड्यूटीवाल्यांची ड्यूटी सूर्य मावळल्यावरच चढते, त्यांनी काय करावं? मी स्तोत्र 109 वाचायची. त्यात शत्रूचं आयुष्य तोकडं होवो, त्याची लेकरं भीक मागत फिरोत, असे एकाहून एक शाप आहेत. मेट्रनबाई बिनलग्नाच्या, त्यामुळे निम्मे शाप वायाच जात. देवापुढे इतकं वाईट बोलायची मुभा शास्त्रातच आहे, याचा मला तेव्हा मोठा आधार होता, अजूनही आहे. जे मेट्रनबाईंना ऐकवता येत नव्हतं ते कुणाला तरी ऐकवायला हवंच होतं.

त्याच काळात मार्कच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय नीट वाचला. सभास्थानात एक वाळलेल्या हाताचा माणूस बसलाय. शब्बाथाच्या दिवशी येशू त्याला बरं करतो का, हे पकडायला लोक टपलेत. येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो, त्यांच्या कठीण मनाचं त्याला दुःखही होतं, आणि त्याच क्षणी तो त्या माणसाला हात पुढे करायला सांगून बरा करतो. राग शांत झाल्याचं मार्क कुठेही लिहीत नाही. यावर प्रवचन क्वचितच होतं. नर्सला मात्र ते लगेच कळतं. डोक्यात काहीही चाललेलं असो, शीर सापडलीच पाहिजे. पहाटेच्या राउंडला मेट्रनबाई आल्या की माझ्या थर्मासमधला चहा मी त्यांना देऊ लागले. प्रेमबीम काही नव्हतं. पण एखाद्याला अर्धाच चमचा साखर लागते हे ठाऊक झालं की त्याचा मनापासून द्वेष करणं जड जातं. त्यांचा आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला.

या शिकवणीचा एक वापर मला अजिबात सोसत नाही. कंपाउंडमध्ये एक बाई नवऱ्याचा मार खाऊन आमच्या घरी आली होती. तेव्हाच्या पाळकांनी तिला सत्तर वेळा सात क्षमा करण्याचा हिशेब सांगून परत जायला सांगितलं. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, जरा वर, दुसरीही रीत सांगितली आहे: अपराध्याला आधी एकटं गाठून त्याचा दोष दाखवा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या, तरीही नाही तर मंडळीपुढे आणा, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो बाहेरचा. म्हणजे चारचौघांत उघड बोलायचं, गप्प बसायचं नाही. बाईला नेमका खालचाच भाग वाचून दाखवतात. आजीने तिला आतल्या खोलीत निजवलं, कडी लावली. रात्री नवरा दारावर लाथा घालून गेला, तिने दार उघडलं नाही. सकाळी त्याच्याकडे भाकरी आणि कालवण मात्र पाठवलं. “बायको इथंच राहील, तू जेव,” असा निरोप होता. पौलाचा बारावा अध्याय मला त्या दिवशी जितका समजला तितका नंतर कुठल्या भाष्यातून समजला नाही.

घरातल्या रागाबद्दल वाचावं ते लक्ष्मीबाई टिळकांकडून. 1895 साली त्यांच्या नवऱ्याने, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार काही वर्षं दुभंगला. पुढे त्या परत आल्या, वेगळी चूल मांडून राहिल्या आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी मंडळीत गेल्या. ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा तापटपणा जसाच्या तसा आहे. भजनं लिहिणारा कवी म्हणून त्यांनी नवऱ्याला झाकलेलं नाही आणि क्षमेवर प्रवचनही झोडलेलं नाही. त्या हसतात आणि पुढची आठवण सांगतात.

आता माझी पाळी आहे. वडिलांच्या मागे धाकट्या भावाने घराच्या वाटपाचा दावा लावलाय. तो वादी, मी प्रतिवादी. पौलाने शत्रूच्या जेवणाआधीच दोन अटी घालून ठेवल्यात: साधेल तर, आणि तुमच्या हातात असेल तेवढं, सगळ्यांशी शांतीने राहा. माझ्या हातात घराचा अर्धा हिस्सा आहे, तो मी सोडणार नाही, असं वकिलांना सांगून टाकलंय. नाताळात त्याच्याकडे फराळाचा डबा गेला. त्याला साखरेचा त्रास, म्हणून चकल्याच जास्त.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तोही त्याच शब्बाथशाळेत शिकलेला.

“आक्का, मला शत्रूंत धरलंस होय?”

“कागदावर माझं नाव कुठं घातलंयस ते बघ आधी.”

जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाला, “तीळ कमी पडलेत या वेळी.”