साइज ३६, रंग तपकिरी

पुण्यात चामड्याचं जॅकेट घालायला वर्षातले किती दिवस मिळतात? मी मोजलेत. डिसेंबरचा उत्तरार्ध, जवळजवळ अख्खा जानेवारी आणि नशीब जोरावर असेल तर फेब्रुवारीचे पहिले चार-पाच दिवस. बाकीचे साडेदहा महिने माझी चार जॅकेट्स कपाटात आणि मी त्यांच्या सेवेत. जुलैमध्ये तर ऑफिसमधून आल्यावर आधी बुरशी बघायची, मग चहा!

ही मॉलमधली जॅकेट्स नव्हेत बरं का. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अमेरिकन विमानांवरच्या लोकांना सरकारने दिलेली, अंगावर वापरून झालेली, खरीखुरी फ्लाइट जॅकेट्स. "तू बाइक चालवतेस का?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. "नवऱ्याची आहेत का?" हा दुसरा. दोन्हींचं उत्तर नाही.

खूळ डोक्यात शिरलं ते ओहायोमध्ये. २००९ ते २०११ मी तिकडे ऑनसाइट होते. डेटनला अमेरिकन हवाई दलाचं भलंमोठं म्युझियम आहे आणि मुख्य म्हणजे तिकीट नाही. गेले विमानं बघायला आणि अडकले काचेमागच्या जॅकेट्ससमोर. तासाभराने सगळी विमानं मला सारखीच दिसायला लागतात (विमानवेड्यांनी माफ करावं), पण ही जॅकेट्स एकासारखी दुसरी नव्हती. कुणाच्या पाठीवर रंगवलेली पोरगी, कुणाच्या कार्टून, कुणाच्या छातीवर नुसती नावाची पट्टी.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध ते ए-२. अमेरिकन आर्मी एअर कोअरने १९३१ मध्ये स्वीकारलेलं. बहुतेक करून घोड्याचं कातडं, टिचबटणांनी खाली बसवलेली कॉलर, फ्लॅपचे दोन खिसे, मधोमध धातूची चेन, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकर. १९४३ मध्ये चामडी जॅकेट्सची नवी खरेदी थांबली आणि कापडी जॅकेट्स आली. 'टॉप गन'मध्ये टॉम क्रूझने घातलेलं फरच्या कॉलरचं ते जी-१, म्हणजे नौदलाचं. त्या १९८६ च्या सिनेमाने त्याची जगभर क्रेझ केली. आणि हल्ली कॉलेजची पोरं 'बॉम्बर' म्हणून मिरवतात त्या नायलॉनच्या जॅकेटचा आजोबा म्हणजे एमए-१. त्याचं अस्तर भडक नारिंगी. ही काही फॅशन नव्हे, विमान पडलं तर जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसावं. माझं एमए-१ साठीच्या दशकातलं आहे. थंडीत सकाळी स्कूटरवर तेच घालते.

परवडतं कसं? सोप्पंय. माझं माप. तेव्हाची पोरं सडपातळ होती, ३६-३८ मापाची जॅकेट्स बाजारात भरपूर. आजचे गोळा करणारे बहुतेक पुरुष, तेही आपल्या आयटीवाल्यांसारखे पोट सुटलेले. त्यांना हवं ४४, म्हणून ४४ ची किंमत आभाळाला. ३६ कडे कुणी ढुंकून बघत नाही आणि मला ते बेतून शिवल्यासारखं बसतं.

आईचं मत मात्र पहिल्या दिवसापासून ठाम. "गेलेल्या माणसाचे कपडे घरात कशाला आणतेस?" आजोबा गेले तेव्हा त्यांचे दोन चांगले लोकरी कोट आमच्याकडे पंधरा दिवसांत देऊन टाकले होते. आईला मी हजार कारणं दिली, पण खरं सांगू? तिचा मुद्दा माझ्याकडून खोडला गेलेला नाही. एकदा पाठीवर पस्तीस बॉम्ब रंगवलेलं ए-२ मला परवडेल अशा भावात मिळत होतं. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. डीलर ते पस्तीस माझ्यासमोर कौतुकाने मोजत होता. मी घेतलं नाही. पस्तीस वेळा खाली कुणीतरी होतंच ना!

या छंदाचं एक ब्रीदवाक्य आहे: 'बाय द आयटम, नॉट द स्टोरी'. गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत. कारण गोष्टी सगळ्याच विक्रेत्यांकडे सॉलिड असतात. चीनसाठी लढलेल्या 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तुकडीत शंभरच्या आसपास वैमानिक होते आणि जुलै १९४२ मध्ये ती बरखास्त झाली. त्यांची म्हणून विकायला निघणारी जॅकेट्स बघितली तर वाटतं, प्रत्येकाकडे डझनभर असावीत. म्हणून आपण बघायचं जॅकेटकडेच. कॉलरखालचं लेबल, त्यावरचा ऑर्डर नंबर, चेनवरचं कंपनीचं नाव. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा. हल्लीचा कृत्रिम दोरा बहुतेकदा चमकतो. आणि सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे कातडं. कापडातून सुई गेली तर भोक कालांतराने बुजतं, कातड्यात बुजत नाही. युद्धानंतर कित्येकांनी पॅच उसवून टाकले, पण भोकांची रांग तशीच राहिली आणि मधलं कातडं आजूबाजूपेक्षा गडद. जुन्या पॅचखाली हे असायलाच हवं.

माझं तिसरं जॅकेट, २०११ मध्ये परत यायच्या दोन महिने आधी घेतलेलं, अशा सगळ्या परीक्षांत पास झालं. महिन्याच्या भाड्याइतके डॉलर गेले. ते घेतलं ते डाव्या खांद्यासाठी. तिथे ढालीच्या आकाराचा एक पॅच आहे: खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर एका बाजूला चीनचा सूर्य, दुसऱ्या बाजूला भारताचा तारा. सीबीआय, म्हणजे चायना-बर्मा-इंडिया. या आघाडीवरचे अमेरिकन आसामातल्या चबुआ, दिनजान, जोरहाटच्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून चीनला माल पोचवायचे. त्या मार्गाला ते 'हंप' म्हणायचे, उंटाचं मदार. १९४२ ते १९४५ मध्ये सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि जवळपास ६०० विमानं पडली.

त्यातल्या कित्येकांच्या पाठीवर किंवा अस्तरात 'ब्लड चिट' असायची. खाली पडलात तर दाखवायची, चिनी भाषेत मजकूर: हा परका माणूस आपल्या मदतीला आलाय, याला वाचवा. इंग्रजीतला हा 'चिट' म्हणजे आपल्याकडचीच चिठ्ठी!

आणि पॅच? तो अमेरिकेतून आलेला नाही. जरीच्या तारेने हाताने भरलेला आहे. असे पॅच इथल्या बाजारात बसून इथल्याच कारागिरांनी केले. अमेरिकन संग्राहक त्याला 'इंडियन मेड बुलियन' म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आईला मी काही न बोलता तो दाखवला. तिने चष्मा लावला, नखाने हळूच खरवडलं आणि म्हणाली, "ही तर कलाबतू आहे. माझ्या शेल्याची अशीच काळी पडलीये." त्यानंतर त्या जॅकेटला तिने कधी गेलेल्याचं म्हटलं नाही. बाकीच्या तिघांना म्हणते.

जॅकेटचा मालक सापडायला तीन वीकेण्ड लागले. छातीवर नावाची पट्टी होती, पण नाव आपल्याकडच्या जोशी-पाटलांसारखं. कामी आली धोब्याची खूण! अमेरिकन सैनिकांच्या कपड्यांवर शाईने आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिलेले असत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या काळच्या लाखो सैनिकांच्या भरतीच्या नोंदी ऑनलाइन ठेवल्या आहेत. चार आकडे जुळले. मालवाहू विमानावरचा रेडिओ ऑपरेटर, भरती झाला तेव्हा एकवीस वर्षांचा, आधी किराणा दुकानात कामाला. नाव इथे देत नाही.

शिवणाऱ्याचं काय? मी वर्षानुवर्षं शोधतेय. तो कलकत्त्यातला होता का आसामातल्या तळाबाहेर बसणारा, हेसुद्धा कळायला मार्ग नाही. त्याची कुठे नोंद नाही, नंबर नाही, धोब्याची खूण नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं अन्नाविना मेली. त्याच दिवसांच्या आगेमागे कुणीतरी मान खाली घालून हा तारा भरत होतं. मला या छंदात हलवून सोडणारी एकच गोष्ट असेल तर ही.

रेडिओ ऑपरेटरच्या युनिटच्या माजी सैनिकांच्या पत्रिकेत मी चार ओळी दिल्या होत्या. गेल्या वर्षी त्याच्या नातीची मेल आली. आजोबा १९९८ मध्ये गेले. घर रिकामं करताना सामानाबरोबर जॅकेटही विकलं गेलं, तेव्हा ती लहान होती. सोबत एक फोटो: बांबूच्या झोपडीसमोर उभा पोरगा, डाव्या खांद्यावर तोच पॅच. "विकाल का?" एवढंच विचारलं होतं.

चार महिने मी उत्तर दिलं नाही. मुंबईचा एक संग्राहक मित्र म्हणाला, "येडी आहेस का? पॅच उसवून ठेव, जॅकेट देऊन टाक. तिला आजोबा मिळाले, तुला तुझा कारागीर." लॉजिक बरोबर होतं. एका रात्री छोटी कात्री काढून टेबलावर ठेवलीसुद्धा. पण मग तिच्याकडे काय जाणार? भोकांची रांग आणि एक गडद चौकट. आणि माझ्याकडे मखमलीवर डकवलेला एक तारा, ज्याला आता खांदाच नाही. कात्री परत ठेवली.

ऑक्टोबरमध्ये कामासाठी शिकागोला जातेय, तेव्हा घेऊन जाईन. जेवढ्याला घेतलं तेवढेच पैसे घेणार. सोबत एक पानभर लिहिलंय: हा पॅच भारतात, हाताने, कुणी केला ते माहीत नाही. ते पान जॅकेटच्या खिशातच राहू द्या, अशी तिला विनंती केलीये.

तिचं माप ४२, त्यामुळे घालता येणार नाही. भिंतीवर काचेत लावणार म्हणते. मी कळवलंय: खिडकीसमोर नको, उन्हाने रंग उडतो. रुंद खांद्याचा लाकडी हँगर. तेल, क्रीम काही चोपडायचं नाही. चेन अडली तर मेणबत्ती फिरवायची. लोकरीला कसर लागतेय का ते दर दोन महिन्यांनी बघायचं. आणि पॅचचा वरचा एक टाका सुटलाय, तो कुणाकडूनही शिवून घ्यायचा नाही.