हंड्यांचा हिशेब

हिवरे बाजारला मी पूर्वी एकटा जाऊन आलो होतो. या खेपेला माझ्या कामाच्या एका गावची वीस-बावीस मंडळी टेंपोत घेऊन गेलो. त्यांचं माझ्याकडे एक देणं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ग्रामसभेत नव्या बोअरचा विषय निघाला. मला सल्ला विचारला, तर मी हेक्टर-मीटर सांगत बसलो. एक आजी म्हणाल्या, "सायेब, हे हंडे किती?" सभा हसली. मीही हसलो, याची अजून लाज वाटते. काही न ठरता सभा उठली, बोअर होत राहिल्या आणि उन्हाळ्यात टँकर आला.

हिवरे बाजार अहिल्यानगरजवळ, कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. मग श्रमदान, डोंगरावर समपातळी चर, चराईबंदी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरं, मग पिकं.

तिथं झाडाखाली भाकरी सोडल्या आणि आजींचा हिशेब काढला. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अडीचशेहून जास्त हंडे! हरभऱ्याला २५० मिलिमीटर लागतं, म्हणजे एकरी १० लाख लिटर. दहा हजारी टँकर शंभर. मोकाट पाण्यावरच्या उसाला २,००० मिलिमीटर धरा. आठशे टँकर झाले. आजी बोटं मोजत म्हणाल्या, "म्हंजे एका उसात आठ हरभरे बुडाले की!"

परतल्यावर ग्रामसभेत हाच हिशेब फळ्यावर मांडला. एका ऊसवाल्याने उठून विचारलं, "साहेब, बोअर थांबवल्या तर माझ्या विहिरीला पाणी येईल? लिहून देता?"

मी म्हणालो, "नाही. किती मुरेल ते खालच्या खडकावर आहे. पण दर महिन्याला विहिरींची पातळी मोजून इथं लिहीन. ठरवायचं तुम्ही."

रात्री अकरापर्यंत वाद चालला. बोअरचा विषय पुढच्या सभेवर गेला. पर्जन्यमापक आजींच्या अंगणात बसवायचा, एवढं मात्र त्याच रात्री ठरलं.