उधर नको देखो

अब्बा इचलकरंजीत ग्रिलच्या एका दुकानात वेल्डिंग करत. डबा घेऊन गेलो की तोंडासमोर काच धरण्याआधी ते ओरडत, "उधर नको देखो!" आम्ही दोघा भावांनी खरेच पाहिले नाही. शिकलो, मास्तर झालो. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा 'व्यापार' असा खोटाच लिहिला.

अब्बांच्या माघारी त्यांनीच केलेल्या फाटकाची बिजागरी निखळली. आम्ही कारागीर शोधू लागलो. अम्मी एवढेच म्हणाली, "उनकेच बेटे हैं ना तुम?" ते बोलणे लागले.

अब्बांच्या दुकानातले तांब्याच्या कॉइलचे मशीन दोघांनाही उचलत नसे. आताचे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन खांद्याला अडकवून आणले. ते घरच्या सिंगल फेजवर चालते, पण साध्या प्लगवर नव्हे. वायरमनकडून वेगळी जाड वायर आणि एमसीबी बसवून घेतला. १० नंबरच्या काचेचे हेल्मेट, चामडी हातमोजे, ६०१३ जातीचे अडीच मिलिमीटरचे रॉड घेतले. कपडे सुती घातले, कारण टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

पहिला दिवस रॉड चिकटण्यातच गेला. करंट ८० पर्यंत वाढवला तेव्हा आर्क टिकला. मग हात घाईने पळू लागला. वर फुगीर रेघ दिसे, आत काहीच जोडलेले नसे. भंगारातल्या पट्ट्यांवर पंधरा दिवस रेघा ओढल्या. स्लॅग ठोकायचा, ब्रश मारायचा आणि पुन्हा पाहायचे.

एका संध्याकाळी आमच्यातल्या धाकट्याने 'एकाच टाक्याला हेल्मेट कशाला' म्हणून तसाच टाका मारला. तेव्हा काही वाटले नाही. हे दुखणे काही तासांनी उठते. रात्री दोनला डोळ्यांत वाळू भरल्यासारखे झाले. सकाळी डॉक्टरांकडे नेईपर्यंत अम्मी उशाशी बसून होती. ती म्हणाली, "तुम्हारे अब्बा ऐसे राताँ बहुत काढे."

कधीकधी सकाळी अब्बांचे डोळे लालभडक असत. ते रागावलेत असे समजून आम्ही त्यांना टाळून शाळेत जात होतो.

फाटक आता लागते. आमचा टाका त्यांच्या सरळ टाक्यांशेजारी बेढब दिसतो. तो घासून सपाट केला नाही. मुले बघायला जमतात. त्यांच्यासाठी दुसरे हेल्मेट आणले आहे. आम्ही म्हणतो, "आधी काच घाला, मग बघा."